कारखान्यातल्या जुन्या लाकडी पेट्या घरात वापरायच्या तर आधी काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. ठाण्यात वन बीएचके, तिसरा मजला. तुम्ही भंगारवाल्याकडून कारखान्यातल्या चार जुन्या लाकडी पेट्या घेतल्यात. एकीवर स्टेन्सिलने छापलेलं गिरणीचं अर्धवट पुसलेलं नाव आहे, दुसरीला तेलाचा वास येतो, तिसरीच्या खाली रोज सकाळी थोडी पिवळसर पूड सापडते आणि चौथीवर जुना हिरवा ऑइलपेंट आहे. पुस्तकं, पाच वर्षांच्या मुलाची खेळणी, पांघरुणं आणि जमलं तर कांदे-बटाटे असं सगळं त्यात ठेवायचंय. आणि विचारलंय काय, तर पॉलिश कुठलं मारू, आणि नाव असलेल्या पेटीचे २४०० दिले ते जास्त झाले का.

पॉलिशचं शेवटी सांगतो, कारण या चारपैकी दोन पेट्यांना तर आत्ता ब्रश लावायचाच नाहीये. खरा मुद्दा असा की पेटी घरात येते तेव्हा ती आधी कशासाठी वापरली गेली ते सगळं सोबत घेऊन येते, तेल, रंग, किडा, कधी केमिकल, आणि घासून वरून चकचकीत केलं म्हणून त्यातलं काही आतून जात नाही. म्हणून मी प्रत्येक पेटीचं आधीचं काम काय होतं ते पहिल्यांदा शोधतो आणि त्यावरून घरात तिला कुठलं काम द्यायचं ते ठरवतो. तुमच्यासारखी बरीच मंडळी उलटं करतात, आधी कोपरा ठरवतात आणि मग कुठलीही पेटी तिथे बसवतात. मी पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटजवळ जुनं फर्निचर दुरुस्त करतो, पेट्या नेहमी हातात येतात, पण तुमच्या पेट्या मी फोटोतच बघितल्यात, त्यामुळे लाकूड कुठलं, आत ओल किती, तुमची भिंत पावसाळ्यात गळते का, यावर काही गोष्टी बदलतील. जिथे बदलतील तिथे तसं सांगतो.

या पेट्या येतात कुठून ते आधी सांगतो, त्याचा उपयोग आहे. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले आणि पुढच्या वर्षांत गिरण्या एकेक करत बंद पडल्या. साचे, म्हणजे माग, भंगारात गेले, लोखंडाला गिऱ्हाईक होतं, लाकडाला तेव्हा कोणी विचारत नव्हतं, मग पेट्या, कांड्या (सूत गुंडाळायच्या), धोटे (मागावर आडवा धागा नेणारे) हा माल कुर्ला, दारूखाना, चोर बाजार असा फिरत राहिला. आता माझ्याकडे येतं ते जास्त करून इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव, भिवंडी इकडचं. तिकडे जुने धोट्याचे माग काढून रॅपियर नाहीतर एअरजेट बसवतात, त्या मागांना धोटाच नसतो, धोटा नाही म्हणजे त्यात बसणारी कांडी नको आणि कांडी नको म्हणजे कांड्यांची पेटीही नको. जिथे धोटा अजून चालतो तिथेही प्लास्टिकच्या कांड्या आणि प्लास्टिकचे क्रेट कधीच आलेत. म्हणून मुंबईतला दुकानदार प्रत्येक पेटी परळ-लालबागची म्हणून सांगत असेल तर ऐकून घ्या आणि भाव मात्र पेटीचा करा, गोष्टीचा करू नका.

खरी कांड्यांची पेटी ओळखणं तसं सोपं आहे. दोन्ही आखूड बाजूंना हात घालायला लांबट खाच असते, त्या खाचेची वरची कड बोटांनी उचलून उचलून गोल आणि काळसर गुळगुळीत झालेली असते, खालची कड मात्र अजून बऱ्यापैकी धारदार. आतल्या कोपऱ्यात कापसाचे तंतू आणि तेल मिळून एक करडा घट्ट थर बसलेला असतो जो नखाने सोलून निघतो. तळाला बारीक अर्धगोल खुणा दिसतात, त्या कांडीच्या बुडाला असलेल्या लोखंडी कड्यांच्या. बाहेरून कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या आणि बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे. हे सगळं एकत्र खोटं करायला फार मेहनत लागते आणि तेवढी कोणी घेत नाही. तुमच्या नाव असलेल्या पेटीच्या फोटोत खाचेची कड तशी दिसतेय, मला तरी ती खरी वाटते.

मशिनरीच्या पॅकिंगची पेटी वेगळी. ती पाइन किंवा देवदारची, फळ्या करवतीच्या तशाच खरखरीत, कुठे रंधा मारलेला नाही, सगळं खिळ्यांवर. एके काळी इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची मशिन्स जहाजाने यायची, तसली विलायती नावं आणि खाली 'बॉम्बे' छापलेली पेटी दाखवून हल्ली वाट्टेल ते पैसे मागतात, आणि नकली माल सगळ्यात जास्त यातच आहे. नव्या पॅलेटच्या फळ्या, चहाच्या पाण्याने काळ्या केलेल्या, साखळीने ठोकलेल्या आणि वर स्टेन्सिल. बघायचं असं: जुन्या खिळ्याभोवतीचं लाकूड गंजाने आतपर्यंत काळं पडलेलं असतं, नकलीत खिळा गंजलेला पण भोवती लाकूड कोरं. पेटी उलटी करा, तळ आणि बाहेरची बाजू एकाच रंगाची असेल तर शंका घ्या, कारण खऱ्या पेटीच्या तळाला ऊन लागलेलं नसतं. स्क्रूवर अधिकचं चिन्ह असेल तर निदान तो स्क्रू तरी नंतरचा. आणि गव्हाच्या ओंबीचा शिक्का, शेजारी 'आयएन' (भारताचा कोड) आणि 'एचटी' असं दिसलं तर ते निर्यातीच्या पॅकिंगचं लाकूड, तो नियम २००२ नंतरचा आहे, म्हणजे ती पेटी 'आजोबांच्या काळातली' नक्की नाही. एचटी म्हणजे उष्णता देऊन किडा मारलेलं, गाभ्यात ५६ अंश किमान अर्धा तास, घरात आणायला उत्तम. 'एमबी' लिहिलेलं असेल तर मिथिल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते मी स्वयंपाकघरात आणि मुलांच्या खोलीत देत नाही.

चहाची खोकी हा तिसरा प्रकार. पातळ प्लायवूड, कडेला पत्रा, आत चंदेरी कागद. दिसायला सुंदर, हलकी, पांघरुणांना छान. फक्त फार जुन्या खोक्यांत शिशाचा पत्रा असायचा, मऊ, राखाडी, दुमडला की दुमडलेलाच राहतो. तसा दिसला तर ओढत बसू नका, खोकं तिथेच सोडा.

आता तुमच्या चार पेट्या, आणि सुरुवात पूड पडणाऱ्यापासून, कारण तिला घाई आहे. आज संध्याकाळी ती गॅलरीत नाहीतर गच्चीवर काढा, विशेषतः घरात आंब्याच्या किंवा रबरवूडच्या लाकडाचं काही फर्निचर असेल तर. पूड काळ्या कागदावर घेऊन बोटांत चोळा. मैद्यासारखी लागली तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचं काम, बारीक सारख्या आकाराचे कडक दाणे लागले तर सुक्या लाकडातली वाळवी. भुंगा आंबा, सावर, रबरवूड अशा लाकडात आणि सागाच्या पांढऱ्या बाहेरच्या भागात होतो, सागाच्या गाभ्यात सहसा नाही आणि पाइनमध्ये ही मैद्यासारखी पूड पाडणारी जात होत नाही. भोकं दिसली म्हणजे किडा जिवंत आहेच असंही नाही, पन्नास वर्षांपूर्वीची भोकं असू शकतात. म्हणून भोकं ब्रशने साफ करायची, त्यावर कागदी टेप लावायची, खाली काळा कागद, आणि दोन-तीन आठवडे थांबायचं. टेपला नवीन भोक पडलं किंवा खाली परत पूड आली तर जिवंत आहे. तुमच्याकडे रोज पूड येतेय असं म्हणताय तर माझा अंदाज जिवंतच असावा, पण पेटी हलवल्यावर जुनी पूडही बरेच दिवस गळत राहते, तेव्हा टेप लावाच.

जिवंत निघाला तर रॉकेल लावू नका. हा सल्ला तुम्हाला किमान तीन नातेवाईक देतील. रॉकेल वरच्या वर राहतं, अळी आत खोलवर असते, घरभर वास येतो आणि पुढे त्यावर कुठलंही फिनिश धरत नाही. कापूर, कडुलिंबाचा पाला यानेही आतली अळी मरत नाही. चालतं ते उष्णता, नाहीतर बोरॅक्स-बोरिक अॅसिड. एप्रिल-मे असेल तर काळ्या प्लास्टिकमध्ये पेटी हवाबंद गुंडाळून गच्चीवर कडक उन्हात काही दिवस, पण अट तीच, फळीच्या गाभ्यात ५६ अंश पोचले पाहिजेत, पाऊण इंचाच्या फळीला ते कधी होतं कधी नाही, म्हणून फळीत छोटं भोक पाडून स्वयंपाकाचा खुपसायचा थर्मामीटर घालून बघा. पावसाळा-हिवाळ्यात हे विसरा. बोरॅक्सचं द्रावण गरम पाण्यात करून उघड्या लाकडावर ब्रशने तीन-चार वेळा, आतून, बाहेरून, तळाला आणि भोकांत सिरिंजने. हे पाण्यातून लाकडात शिरतं, म्हणून रंग किंवा पॉलिश असलेल्या लाकडावर उपयोग शून्य. हातमोजे घाला, मुलाला लांब ठेवा, पूर्ण वाळल्यावर वरून सील करा. आणि खरं सांगू का, साध्या पेटीसाठी एवढा खटाटोप मी करत नाही, गिऱ्हाईकालाही करू देत नाही. भंगारवाला परत घेत असेल तर द्या परत.

हिरव्या पेंटची पेटी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असण्याची शक्यता चांगलीच असते. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीचा रंग असेल तर मी शिसं आहे असंच धरून चालतो, आणि कारखान्यातला रंग तर घरगुतीही नव्हता. त्यामुळे हिला पॉलिश पेपर लावायचा नाही, ग्राइंडर तर अजिबात नाही, ती धूळच घातक. पोपडे सुटत नसतील तर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, वरून पाण्यात मिसळणाऱ्या मॅट क्लिअरचे (चमक नसलेलं पारदर्शक फिनिश) दोन हात द्या आणि मुलाच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर ठेवा. पोपडे सुटत असतील तर घरात नको. खेळण्यांसाठी ही पेटी कुठल्याही परिस्थितीत नाही. मला माहितीये, चौघींत दिसायला हीच सगळ्यात छान आहे.

तेलाची पेटी. रात्री आत पांढरा सुती कपडा पसरा, वर वजन ठेवा, सकाळी बघा. डाग उठला नाही, फक्त वास आहे, तर काम होईल. डाग उठला तर तेल खोल गेलंय. मुलतानी माती कोरडीच तळावर जाड थरात पसरायची, दाबायची, उन्हात ठेवायची, काळी पडली की झाडून परत नवीन. दोन-तीन वेळा केलं की पुष्कळ तेल ओढून घेते, पूर्ण कधीच नाही. मग आतून लाख पॉलिशचे दोन-तीन हात, लाख वास दाबून ठेवण्यात फार चांगली. तरीसुद्धा तिच्यात पांघरुणं आणि खायचं काही नको. हत्यारं, चपला, वायरी, बागकामाचं सामान, इस्त्रीचा पसारा, यासाठी ती एक नंबर.

म्हणजे आत्तापर्यंतचा हिशोब असा: पूडवाली बाहेर, हिरवी उंचावर आणि फक्त शोभेला, तेलाची चपला-हत्यारांना, नाववाली पुस्तकांना. पांघरुणांना आणि खेळण्यांना तुमच्याकडे आत्ता पेटी नाही. खेळण्यांना नवी कोरी पाइनची करून घ्या, सुतार एका दिवसात करतो, आणि झाकण लावणार असाल तर आपटून बोटं चेंगरणार नाहीत असा सावकाश मिटणारा सपोर्ट घाला. कांदे-बटाट्यांना बंद पेटी चालतच नाही, त्यांना फटी असलेला क्रेट लागतो, आणि दोघांना वेगवेगळा, एकत्र ठेवले की लवकर खराब होतात. जुना सोड्याच्या बाटल्यांचा क्रेट त्यासाठी बघा, आतल्या पट्ट्या काढून टाकायच्या.

पुस्तकांच्या पेटीबद्दल एक गोष्ट जवळजवळ कोणीच लक्षात घेत नाही. पेटी बनवली आहे तळावर उभी राहायला. तुम्ही ती आडवी करून कपाटासारखी वापरणार, म्हणजे जी बाजू होती ती आता फळी झाली आणि सगळं वजन आलं कोपऱ्यातल्या खिळ्यांवर, तेही फळीच्या टोकात, रेषांच्या दिशेने ठोकलेल्या, जिथे खिळ्याची पकड सगळ्यात कमी. एक फूट रांगेत लावलेली पुस्तकं सहज सात-आठ किलो होतात. वर्षभराने कोपरा उघडतो आणि लोक म्हणतात जुनं लाकूड कमजोर, लाकडाचा काही दोष नसतो. आतल्या चारही कोपऱ्यांत इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या फेविकॉल आणि स्क्रूने बसवा, स्क्रू आतूनच, बाहेरून दिसायला नकोत. पूर्वीचा तळ आता पाठ झालाय, तो काढू नका, तोच पेटीला तिरकी होऊ देत नाही. पेटी पेटीवर रचणार असाल तर मधून नट-बोल्टने जोडा आणि सगळ्यात वरची भिंतीला धरून ठेवा, मूल चढणार हे गृहीत धरा.

भिंतीवर टांगायची असेल तर आधी भिंत कशाची ते बघा. नव्या बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती बहुतेक सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या असतात, साधा प्लग त्यात भुगा होऊन बाहेर येतो, त्यासाठीचे वेगळे फास्टनर घ्या. मी पंचेचाळीस अंशात कापलेल्या दोन पट्ट्या वापरतो, एक भिंतीवर, एक पेटीच्या पाठीला, एकीवर एक अडकते, वजन पूर्ण लांबीवर वाटलं जातं आणि घर बदलताना पेटी उचलून घेतली की झालं.

पावसाळा. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवाच ओली असते, तिसरा मजला असला तरी सुटका नाही. पेटी जमिनीवर टेकवू नका, खाली दोन इंचाचे गुटके किंवा चाकं. भिंतीपासून बोटभर तरी लांब. पाठीला खालून-वरून दोन-तीन भोकं पाडा म्हणजे हवा खेळेल, नाव असलेल्या बाजूला नको एवढंच. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर ती भिंत सोडून द्या, पेटीमुळे ओल दिसत नाही आणि गणपतीत पेटी सरकवली की पुस्तकांना मागून बुरशी.

आता पॉलिश. कोरडा ब्रश, व्हॅक्यूम, मग साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेलं फडकं, आणि सावलीत वाळवणं, ओली पेटी उन्हात ठेवली की फळ्या तडकतात. १८० नंबरचा पेपर फक्त जिथे हाताला कुसळ लागेल तिथे. स्टेन्सिलवर पेपर नाही, खाचेच्या काळ्या कडेवर नाही, पत्र्याच्या गंजावर फक्त ब्रश आणि थोडं मेण. या खुणा काढल्या की उरतं साधं खोकं, आणि साधं खोकं तर नवीनच घ्यावं, स्वस्त पडतं. फिनिशला मी चपडा लाख वापरतो, लिटरभर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम, रात्रभर विरघळवून गाळून, पातळ दोन हात, वर मेण. स्पिरिटने काही स्टेन्सिलची शाई पसरते, म्हणून अक्षराच्या एका टोकाला कापसाने टिपून बघा, कापूस काळा झाला तर त्या बाजूला पाण्याचं मॅट क्लिअर. लाखेवर गरम चहाचा कप ठेवला तर पांढरं वर्तुळ उठतं, टीपॉय करणार असाल तर वर काच टाका. जवसाचं तेल वापरणार असाल तर तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, खरोखर घेतात, पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. मेलामाइन, पीयू, ग्लॉसी काही नको. सुतार 'मस्त चमकवून देतो' म्हणाला की नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

किंमत. नाववाल्या पेटीचे २४०० मला जास्त वाटत नाहीत, लाकूड सागाचं निघालं तर उलट स्वस्तच पडली. तळाच्या कोपऱ्यात, जिथे दिसत नाही तिथे, पटाशीने थोडं खरवडा, तेलकट स्पर्श आणि सागाचा ओळखीचा वास आला तर साग. बाकी तिघींना लाकडाच्या भावापेक्षा जास्त देण्यासारखं काही नव्हतं, आणि पूडवालीला तर तेही नाही.

पुढच्या वेळी घ्यायला जाल तेव्हा सोबत टॉर्च, पांढरा कपडा आणि बारीक स्क्रूड्रायव्हर ठेवा, स्क्रूड्रायव्हर तळाच्या कडेला टोचून बघायचा, सहज आत गेला तर पुढची पेटी बघा. चोर बाजारात मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात. जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये माल जास्त पण बराचसा आधीच घासून पॉलिश केलेला, तुम्हाला न घासलेला हवाय हे दारातच सांगा. पुण्याला येणं झालं तर जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, सकाळी लवकर. पूडवालीच्या टेपचं काय झालं ते इथेच लिहा, पुडीचा जवळून फोटोही टाका, मग औषध करायचं की टाकून द्यायची ते सांगतो.